मूठभर धान, एका दिवसाची सहल आणि वंचित बालकांचा हक्क

धर्मादाय कार्याचा विचार करताना मराठी समाजाने अन्न, वस्त्र, औषध आणि शिक्षण यांना जेवढे महत्त्व दिले, तेवढे मुलांच्या आनंदाला दिले नाही. त्यामुळे वंचित मुलांना वर्षातून एकदा सहलीला नेणाऱ्या स्थानिक संस्थांचे काम पुष्कळदा ‘हौस’ या सदरात टाकले जाते आणि निधीची चणचण भासू लागली की सर्वांत आधी त्याच खर्चाला कात्री लागते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात वंचित मुलांची सहल हा त्यांच्या शिक्षणाचा आणि नागरिकत्वाचा भाग आहे, आणि तिच्यासाठी पैसा कोणाकडून व कोणत्या रीतीने गोळा होतो, यावर त्या सहलीतून मुलांच्या पदरात काय पडते हे बऱ्याच अंशी ठरते.

‘वंचित’ हा शब्द भाषणांत सैलपणे वापरला जात असला तरी कायद्यात त्याला निश्चित अर्थ आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने ‘वंचित गटातील बालक’ आणि ‘दुर्बल घटकातील बालक’ असे दोन वर्ग मानले आहेत. पहिल्यात जात, जमात, सामाजिक किंवा भौगोलिक स्थिती अशा कारणांनी मागे राहिलेली मुले येतात, तर दुसऱ्यात पालकांचे उत्पन्न शासनाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असलेली मुले येतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही तिसरी संज्ञा वापरतो. तिच्यात अनाथ, सोडून दिलेली, रस्त्यावर राहणारी किंवा कामाला जुंपलेली मुले येतात आणि त्यांच्याविषयीचे निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. सहल काढणाऱ्या संस्थेला हे तीन वर्ग वेगवेगळे ओळखावे लागतात. वाडीतल्या मुलाला नेण्यासाठी आईबापाची संमती पुरते. बालगृहातल्या मुलासाठी मात्र अधीक्षकांची आणि समितीची परवानगी लागते.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती आणि दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. हे आकडे अभिमानाचे असले तरी सरासरीच्या आड बरेच काही झाकले जाते. गोंदिया शहरातले, राइस मिलच्या परिसरातले मूल आणि छत्तीसगडच्या सीमेलगत सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातले मूल यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. घरी गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी बोलणारे मूल शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी ऐकते. रोवणीच्या दिवसांत पऱ्हे काढायला, उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे बांधायला ते घरच्यांबरोबर असते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाचे जग शाळा, वसतिगृह आणि सुटीतले घर एवढ्या तीन जागांत फिरते.

मुलांना विश्रांती, खेळ, मनोरंजन आणि सांस्कृतिक जीवनात सहभाग यांचा हक्क आहे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात स्पष्टपणे नोंदवलेले असून भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. बाल न्याय कायद्याखालील २०१६ चे आदर्श नियमही बालगृहांतील मनोरंजनाच्या सोयींमध्ये खेळ, संगीत, वाचनालय यांच्या जोडीने सहलींचा समावेश करतात. म्हणजे बालगृहातील मुलाला सहलीला नेणारी देणगीदार संस्था उपकार करीत नाही. कायद्याने मान्य केलेली गोष्ट प्रत्यक्षात आणायला ती हातभार लावते.

धर्मादाय सहलीची आधुनिक परंपरा युरोप-अमेरिकेतल्या औद्योगिक शहरांत सुरू झाली. झुरिचचे धर्मोपदेशक वाल्टर बिऑन यांनी १८७६ मध्ये शहरातल्या गरीब, अशक्त मुलांना सुटीत आपेन्झेलच्या डोंगराळ भागात राहायला नेले, आणि पुढच्याच वर्षी विलर्ड पार्सन्स या अमेरिकन धर्मोपदेशकांनी न्यूयॉर्कच्या चाळींतल्या मुलांना पेन्सिल्व्हेनियातल्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवले; त्यातून पुढे ‘फ्रेश एअर फंड’ ही संस्था उभी राहिली. या प्रयत्नांमागची कल्पना सरळ होती: धुराने कोंदलेल्या शहरातून मुलाला मोकळ्या हवेत न्यायचे. ती गोंदियाला जशीच्या तशी लागू होत नाही, कारण इथल्या वंचित मुलाकडे मोकळी हवा मुबलक आहे आणि जंगल त्याच्या दाराशी आहे. दुसऱ्या बाजूला, आदिवासी मुलांना शहराचे दर्शन घडवावे या विचाराने गडचिरोली पोलिसांसारख्या यंत्रणांनी ‘महाराष्ट्र दर्शन’ सहली काढल्या. समुद्र, विधानभवन, मोठी स्थानके प्रथमच पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. तरीही ज्या सहलीत मुलाला फक्त दुसऱ्याचे वैभव दाखवले जाते, तिच्यातून परतताना ते आपले गाव लहान झाल्याची भावना घेऊन येण्याचा धोका असतो. स्थानिक संस्थेला हा धोका टाळता येतो. तिच्या अल्प साधनांचा तोच फायदा आहे.

या बाबतीत मार्गदर्शक ठरावा असा विचार महाराष्ट्रातच झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून ते काम अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी भागातल्या कोसबाड टेकडीवर चालले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तिला ‘कुरणशाळा’ असे नाव मिळाले. गुरे चरत असताना त्याच कुरणावर भरणारी ही शाळा मुलांच्या कष्टाच्या जागेकडेच शिकण्याची जागा म्हणून पाहत होती. गोंदियातल्या सहलीने हीच दृष्टी घ्यायला हवी. जे मूल जंगलात जळणासाठी आणि मोहासाठी जाते, त्याला त्याच जंगलात एक दिवस काही न वेचता, डोक्यावर भारा न घेता हिंडता यावे, आणि त्याला जे ठाऊक आहे ते इतरांनी विचारावे, यात शिक्षणाचा मोठा भाग सामावलेला आहे.

याचे एक उदाहरण नवेगावबांधच्या काठावर दिसते. सात डोंगरांच्या कुशीतला हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागातले, कोहळी हे तलावबांधणीत निष्णात, आणि मालगुजारीच्या काळात राखलेल्या अशा तळ्यांना इथे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. तलावाभोवतीचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे, नागझिरा अभयारण्य १९७० चे, आणि या दोन्हींचा समावेश असलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे घालवलेल्या काळामुळे हे जंगल मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. अशा ठिकाणी शहरातली मुले आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली मुले एकत्र आली की अगदी छोटी पण महत्त्वाची गोष्ट घडते. दुर्बिणीतून कोणता पक्षी दिसतो हे शहरातले मूल पुस्तकातून सांगते. काठालगतचे ते लव्हाळ्यासारखे गवत म्हणजे देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानटी धान, आणि कोणत्या पाण्यात मरळ सापडेल, हे ढिवराचे मूल सांगते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन तलावांचे पुनरुज्जीवन करताना हेच पारंपरिक ज्ञान पायाभूत मानले. जे ज्ञान तज्ज्ञांना उपयोगी पडले, ते ज्या मुलाच्या घरात आहे, त्याला निदान एका दिवसापुरते तरी सांगणाऱ्याच्या जागी बसवणे हे सहलीचे खरे यश होय.

सालेकसा तालुक्यातले कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान या विवेचनात वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. माघ पौर्णिमेला इथे अनेक राज्यांतून लाखो भाविक येतात. गोंडी परंपरेनुसार काली कंकालीची तेहतीस मुले इथल्या गुहेत कोंडली गेली होती आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा होती. जंगो रायताड हिने त्या मुलांची काळजी वाहिली, पारी कुपार लिंगो यांनी त्यांच्या मुक्तीचा मार्ग योजला आणि हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेरून असे सूर छेडले की आत कोंडलेल्या मुलांच्या अंगी बळ संचारले. त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा सरकली, पण त्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. पुढे लिंगोने याच मुलांना शिकवून समाजाची घडी बसवली. कोंडलेल्या मुलांविषयीची ही कथा जिल्ह्याने स्वतःच्या मातीत जपलेली आहे, आणि तिचा बारकावा सेवाभावी संस्थांनी मनापासून ध्यानात घ्यावा असा आहे. शिळा बाहेरच्या माणसाने हटवली नाही. बाहेरच्याने सूर दिला, काळजी घेतली, वाट दाखवली; जोर मुलांचाच होता. ज्या समाजाकडे मुलांच्या मुक्तीचा इतका थोर विचार आहे, त्याच्या मुलांना ‘बिचारी’ म्हणून मंचावर उभे करणे हे अज्ञानाचे लक्षण आहे.

निधीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. मराठी समाजाला लहान रकमांतून मोठे काम उभारण्याची जुनी सवय आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड जमवला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापण्यापूर्वीच ‘मुरुड फंड’ उभा केला होता. गावाबाहेर मिळवत्या झालेल्या माणसांनी आपल्या मिळकतीतला लहानसा वाटा गावासाठी काढावा, ही त्यामागची योजना होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘मुष्टिफंड’ रूढ केला. दळणाकांडणाच्या वेळी गृहिणीने एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ठरल्या दिवशी ते वसतिगृहासाठी गोळा करायचे, अशी ती पद्धत होती. या तिन्ही प्रयत्नांत देणाऱ्यांची संख्या मोठी आणि एकेकाची रक्कम क्षुल्लक होती. त्यामुळे कोणाही एका दात्याची पाटी दारावर लावण्याचा प्रसंग आला नाही आणि संस्थेला शेकडो घरांपुढे उत्तरदायी राहावे लागले.

गोंदिया हा धानाचा जिल्हा असल्याने मुष्टिफंडाला इथे आजही स्वाभाविक जागा आहे. दिवाळीनंतर हलका धान निघतो, पुंजणी लागतात, धान चुरून घरी येतो, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे झाडीपट्टीचा सुगीनंतरचा उत्सव: दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार किंवा नाटक. झाडीपट्टी रंगभूमी तिकीट काढून नाटक पाहणाऱ्या ग्रामीण प्रेक्षकांवर उभी आहे, आणि एखाद्या प्रयोगाचे उत्पन्न गावच्या कामाला देण्याची रीत या प्रेक्षकाला परकी नाही. ज्या आठवड्यात घरात धान असतो, मन उदार असते आणि पाहुणे गावात असतात, त्याच आठवड्यात पायलीभर धान मागितला तर तो मिळतो. जूनमध्ये, बियाणे आणि खताच्या खर्चात बुडालेल्या शेतकऱ्याकडे तो मागणे अन्यायाचे होईल. निधिसंकलनाचे हे ऋतुमान बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला सहसा उमगत नाही.

मोठ्या देणग्या त्याज्य आहेत असा याचा अर्थ नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि तिरोड्यात ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प असलेल्या जिल्ह्याला हा मार्ग जवळचा आहे. वसतिगृहाची इमारत, स्वच्छतागृहे, वाहन अशा भांडवली खर्चाला तो पैसा योग्य. सहलीसाठी मात्र तो शक्यतो घेऊ नये, कारण कंपनीला अहवाल हवा असतो, अहवालाला छायाचित्रे लागतात, आणि मग मुलांच्या दिवसातला चांगला भाग फलकासमोर रांगेत उभे राहण्यात जातो.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी तीच घेतात. दुसरे म्हणजे प्राप्तिकर कायद्यातील देणगीवरची करसवलत वस्तुरूप देणगीला मिळत नाही आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीलाही मिळत नाही. पायलीभर धान देणाऱ्या बाईला या देणगीतून कसलीच सवलत मिळत नाही, आणि तरीही ती देते. म्हणून तिच्या दानाचा हिशेब अधिक काटेकोर ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

छायाचित्रांचा प्रश्न शिष्टाचारापुरता मर्यादित नाही. बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई करते, आणि त्याच्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. असे असूनही नवे दप्तर हातात घेतलेल्या बालगृहातल्या मुलाचे छायाचित्र दात्याच्या नावासह छापून येते, मोबाइलवरून फिरते, आणि ते मूल मोठे झाल्यावरही पुसले जात नाही. वाढदिवस अनाथालयात साजरा करण्याची जी प्रथा रूढ होत आहे, तिचाही इथे विचार व्हावा. ज्याला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही अशा मुलाला अनोळखी माणसाच्या वाढदिवशी टाळ्या वाजवायला लावण्यात जे क्रौर्य आहे, ते हेतू कितीही चांगला असला तरी कमी होत नाही.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी सर्वांत मोठी जबाबदारी वाहनाची असते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यात क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने एका आश्रमशाळेच्या सुमारे १२० विद्यार्थ्यांना एकाच ट्रकमध्ये कोंबण्यात आले आणि त्यांतील काही मुले गुदमरून बेशुद्ध पडली. मिळेल त्या वाहनात मुले भरायची, या वृत्तीचा तो परिणाम होता. राज्य परिवहन महामंडळाची बस ‘प्रासंगिक करार’ या पद्धतीने, म्हणजे ठरावीक प्रवासासाठी पूर्ण भाड्याने, मिळते आणि शालेय सहलींना तीत ५० टक्के सवलत आहे. रेल्वेच्या अनारक्षित डब्यात ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या मार्गावरचे दरेकसा स्थानक हाजरा धबधब्याच्या जवळ आहे, आणि ज्या मुलाने आगगाडी फक्त फाटकावरून पाहिली आहे, त्याच्यासाठी तो प्रवास हीच अर्धी सहल असते. बसची सवय नसलेल्या मुलांना उलट्या होतात, म्हणून सकाळी तेलकट नाश्ता देऊ नये. मुलींसाठी स्वच्छतागृह असलेलेच थांबे निवडावेत. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारी एक तरी व्यक्ती बरोबर असावी, कारण घाबरलेले मूल घरच्या बोलीतच बोलते. या सूचना किरकोळ वाटल्या तरी मुलाच्या आठवणीत दिवस गोड राहतो की कडू, हे त्यांच्यावरच ठरते.

ठिकाणांची निवड करताना जिल्ह्याबाहेर पाहण्याची गरज फारशी पडत नाही. परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांच्या परिसरात, धानाच्या बांधीत, महाराष्ट्रात इतरत्र जवळपास नामशेष झालेला सारस दिसतो, आणि त्याची गणना शेतकऱ्यांच्या मदतीने होते; मुलांना त्या शेतकऱ्याकडूनच सारसाची माहिती मिळावी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आपला देश सुटलेल्या माणसांनी परक्या भूमीत शेती, शाळा आणि मठ कसा उभा केला, हे आपले घर सुटलेल्या मुलाने पाहणे हा अनुभव कोणत्याही करमणूक उद्यानापेक्षा मोलाचा आहे. अशा वेळी भाषण देण्याचा मोह वक्त्यांनी आवरावा.

गोंदिया जिल्ह्यातील मंडळांना आणि ग्रामस्थांना या व्यासपीठावरून विनंती अशी आहे की, येत्या मंडईत प्रत्येक गावाने वंचित मुलांच्या सहलीसाठी धानाचे एक पोते मांडावे आणि देणाऱ्याचे नाव न पुकारता त्यात ज्याने त्याने आपली मूठ किंवा पायली टाकावी. डिसेंबरात, स्थलांतरित पक्षी तलावांवर असताना, मुलांनाच विचारून ठिकाण ठरवावे आणि छायाचित्रकाराला न बोलावता सहल काढावी. किती धान जमला, किती भावाने विकला, बसला व जेवणाला किती लागले आणि किती उरले, हा हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, सहलीला गेलेल्यांपैकी एखाद्या मुलाने वा मुलीने स्वखुशीने पुढे येऊन वाचावा.